विणकाम सोडू नका, म्हणे!

सप्टेंबर २०१४. ब्रिटनचे नागरी समाज खात्याचे मंत्री ब्रुक्स न्यूमार्क यांना खुर्चीत बसून जेमतेम काही आठवडे झाले होते. एका भाषणात त्यांनी स्वयंसेवी संस्थांना सल्ला दिला, की राजकारणाच्या भानगडीत पडू नका, आपलं विणकाम करत राहा. इंग्रजीत हा वाक्प्रचार ‘आपल्या कामाशी काम ठेवा’ एवढ्याच अर्थानं वापरतात. मंत्रिमहोदयांना लोकरीच्या गुंड्यांबद्दल काही म्हणायचं नव्हतं. तरी ऐकणाऱ्यांना ऐकू आलं ते असं, की टोपडी विणा, दूध पाजा, पोरं उपाशी का राहिली ते विचारू नका.

आपल्याकडे हे सांगायला मंत्री लागत नाही, आत्याबाई पुरतात. कुणाची तरी भाची लंडनला एका आंतरराष्ट्रीय बालसंस्थेत कॅम्पेन्स अ‍ॅडव्हायजर आहे असं लग्नाच्या पंगतीत निघालं, की चौकशी सुरू होते. मुलांना शिकवते का? नाही. डॉक्टर आहे? नाही. मग आफ्रिकेत वगैरे जाते? तेही फारसं नाही. ‘मग पगार कशाचा घेते?’ आत्याबाईंच्या प्रश्नात दोन आरोप आहेत. गरिबांच्या नावानं गोळा केलेला पैसा बोलघेवड्यांच्या पगारात जातो, हा पहिला. आणि सेवेच्या कामात राजकारण घुसवलं जातं, हा दुसरा. दोन्ही आरोप सभ्य, शिकलेली, दरवर्षी न चुकता देणगी देणारी माणसं करतात, म्हणून त्यांना सविस्तर उत्तर द्यायला हवं.

आरोप करणाऱ्यांच्या डोक्यात एक इतिहास असतो. आधी भोळ्या, निर्मळ सेवाभावी संस्था होत्या. त्या मुलांना खाऊ घालायच्या. मग कधीतरी त्यांच्यात सूटबूटवाले सल्लागार शिरले आणि सगळं बिघडलं. जगातल्या सर्वांत जुन्या आंतरराष्ट्रीय बालसंस्थांपैकी एक असलेल्या ‘सेव्ह द चिल्ड्रन’च्या बाबतीत तरी हा इतिहास साफ उलटा आहे.

पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबलं, पण ब्रिटन आणि दोस्तराष्ट्रांनी जर्मनी-ऑस्ट्रियाची केलेली नाकेबंदी थांबली नाही. तह मनासारखा होईपर्यंत ती दाबून धरायची, असं ठरलेलं होतं. व्हिएन्नात मुलं मुडदुसानं वाकत होती, क्षयानं मरत होती. एग्लंटाइन जेब आणि तिची बहीण डोरोथी बक्स्टन यांनी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी १९१९ च्या सुरुवातीला जी संस्था काढली तिचं नाव होतं ‘फाइट द फॅमिन कौन्सिल’. तिचं काम दूध वाटणं नव्हतं. सरकारला नाकेबंदी उठवायला लावणं, एवढंच तिचं काम होतं. आजच्या भाषेत शुद्ध कॅम्पेन.

जेबनं ट्रॅफल्गर चौकात पत्रकं वाटली. पत्रकावर हाडांचा सापळा झालेल्या बाळाचा फोटो होता आणि हे आपल्याच नाकेबंदीनं केलंय असा सरळ आरोप होता. फुटपाथवर खडूनं घोषणा लिहायची मताधिकारवाल्या बायकांची युक्तीही तिनं उचलली. पत्रक सेन्सॉरकडून मंजूर करून घेतलं नव्हतं, म्हणून युद्धकाळातल्या कायद्याखाली तिला पकडण्यात आलं. मे १९१९ मध्ये खटला उभा राहिला. तिनं वकील दिला नाही, स्वतःच बाजू मांडली आणि हरली. दंड झाला पाच पौंड. खटला चालवणारे सरकारी वकील सर आर्चिबाल्ड बॉडकिन यांनी खटला संपल्यावर आपल्या खिशातून पाच पौंड काढून तिच्या हातात ठेवले. तीच ‘सेव्ह द चिल्ड्रन’ची पहिली देणगी मानली जाते. त्यानंतर काही दिवसांतच, १९ मेला, अल्बर्ट हॉलमधल्या सभेत हा निधी रीतसर सुरू झाला. म्हणजे मोहीम आधी, दूध नंतर. दुधाची गाडी ज्या रस्त्यानं जायची तो रस्ता सरकारनंच अडवला होता. तो मोकळा करा असं म्हणणं हे दूध वाटण्याच्या कामात मोडतं की राजकारणात, याचं उत्तर आत्याबाईंनी द्यावं.

यावर एक प्रामाणिक आक्षेप निघतो. पुढे जेबनं संस्थेला राजकारणापासून लांबच ठेवलं, बहीण डोरोथी जास्त राजकीय होती ती बाजूला झाली. खरं आहे. पण लांब राहून तरी सुटका झाली का? १९२१ मध्ये व्होल्गाकाठी दुष्काळ पडला. संस्थेनं सारातोव्ह भागात मुलांसाठी अन्नछत्रं काढली. यात ना घोषणा होती, ना मागणी. नुसतं खाऊ घालणं. तरी ‘डेली एक्स्प्रेस’नं झोड उठवली, की बोल्शेविकांच्या पोरांना ब्रिटिश पैशानं कशाला पोसता, आपली पोरं काय कमी उपाशी आहेत? ताटात वाढलेला घास कुणाच्या मुलाचा, या प्रश्नापाशी आलं की विणकामही राजकारणच ठरतं. जेबनं गप्प बसून हे सोसलं नाही. दुष्काळाचं चित्रीकरण करून आणलं, तो चित्रपट ब्रिटनभर दाखवला, वर्तमानपत्रांत मोठमोठ्या जाहिराती दिल्या. आजच्या टीकाकारांनी त्या जाहिरातींचा खर्च पाहिला असता, तर तिच्यावरही ‘एवढ्यात किती मुलं जेवली असती’ हा हिशेब मांडला असता. पुढे तिनंच बालहक्कांचा पाच कलमी जाहीरनामा लिहिला. १९२४ मध्ये राष्ट्रसंघानं तो स्वीकारला. १९८९ चा बालहक्क करार, ज्यावर १९९२ मध्ये भारतानंही शिक्कामोर्तब केलं, त्याचं मूळ त्या पाच कलमांत आहे.

आता पगाराकडे येऊ.

संध्याकाळी फोन करून ‘सर, एका मुलाचं शिक्षण फक्त अमुक रुपयांत’ असं सांगणारा, स्टेशनबाहेर फाइल घेऊन वाट अडवणारा, रडक्या मुलाचा फोटो पाकिटावर छापणारा माणूस म्हणजे कॅम्पेन्स अ‍ॅडव्हायजर नव्हे. तो निधी उभारणी विभाग. दोघांची टेबलं शेजारी असतील, पण भांडणं रोजची. निधीवाल्यांना माशा बसलेलं, हात पसरलेलं मूल हवं असतं, कारण त्यानं पैसा येतो. कॅम्पेनवाली म्हणते, हा फोटो छापला तर मंत्री म्हणेल ‘बिचारं’, आणि चेक फाडून मोकळा होईल. तिला ‘बिचारं’ नको असतं, तिला कलम हवं असतं. तोंड दाखवायला आईबापांची लेखी परवानगी घेतली का, नाव बदललं का, गाव ओळखू येतंय का, ही कटकटही बऱ्याचदा तिच्याच गळ्यात पडते. देणगीदाराचा राग बहुतेक वेळा पहिल्या टेबलावरचा असतो आणि तो निघतो दुसऱ्यावर.

दुसऱ्या टेबलावरचं काम जवळून पाहिलं तर फार रंजक वाटणार नाही. संसदेत विधेयक समितीपुढे आलेलं असतं. शंभर-सव्वाशे पानं. त्यातल्या एखाद्या कलमात ‘मंत्री अशी मदत देऊ शकेल’ असं असतं. ‘मे’ या एका इंग्रजी शब्दाच्या जागी ‘मस्ट’ आला, तर मदत ही मेहेरबानी राहत नाही, हक्क होतो. मग दुरुस्तीचा मसुदा लिहा, तो मांडायला खासदार शोधा. त्याच्यासाठी एका पानाचं टिपण करा, दोन पानांचं केलं तर तो वाचत नाही. त्याच्या मतदारसंघात अशी किती मुलं आहेत तो आकडा वर टाका. वकिलाकडून तपासून घ्या. बाकीच्या दहा संस्थांची सही मिळवा, आणि त्या दहांपैकी दोन संस्था एका स्वल्पविरामावरून अडून बसल्या तर त्यांची समजूत काढा. रस्त्यावरचा मोर्चा हा या कामाचा फार छोटा भाग, आणि तोही शेवटचा.

असे शब्द वाचण्याला किती किंमत आहे, याचं उदाहरण २०१५ च्या जुलैमधलं. ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी अर्थसंकल्पात जाहीर केलं, की मुलांसाठीचा भत्ता पहिल्या दोन मुलांनाच मिळेल. ६ एप्रिल २०१७ किंवा त्यानंतर जन्मलेल्या तिसऱ्या मुलाला तो नाही. आदल्या दिवशी जन्मलेल्याला मिळणार, त्या दिवशी जन्मलेल्याला नाही. कागदपत्रांच्या गठ्ठ्यात याला एक अपवाद लिहिलेला होता: तिसरं मूल बलात्कारातून झालं असेल तर भत्ता मिळेल. ग्लासगोच्या खासदार अ‍ॅलिसन थ्यूलिस यांच्या नजरेला ती ओळ पडली. म्हणजे आईनं सरकारी फॉर्मवर आपल्या मुलाबद्दल हे लिहून द्यायचं, आणि नर्स किंवा समाजसेवकानं त्याला दुजोरा द्यायचा. त्या एका ओळीवरून आणि त्यामागच्या नियमावरून जे आंदोलन उभं राहिलं, त्यात ‘चाइल्ड पॉव्हर्टी अ‍ॅक्शन ग्रुप’पासून ‘सेव्ह द चिल्ड्रन’पर्यंत बहुतेक बालसंस्था होत्या.

इथे पगाराच्या आरोपाचा हिशेबच करून टाकावा. २०२४ मध्ये या नियमाचा फटका बसलेली कुटुंबं साडेचार लाखांच्या आसपास होती आणि त्या घरांतली मुलं सुमारे सोळा लाख. एका मुलामागे बुडणारा भत्ता वर्षाला साधारण ३,४५० पौंड. कुटुंबामागे एकच मूल धरलं तरी वर्षाला दीडशे कोटी पौंडांवर रक्कम जाते. एवढे पैसे दरवर्षी वाटू शकेल अशी एकही बालसंस्था ब्रिटनमध्ये नाही. सगळ्यांनी मोहिमा बाजूला ठेवून दिवसरात्र डबे वाटले असते, तरी हे भोक बुजलं नसतं. जुलै २०२४ मध्ये हा नियम रद्द करण्याच्या बाजूनं मत दिलं म्हणून सत्ताधारी मजूर पक्षानं आपलेच सात खासदार निलंबित केले. आणि नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याच सरकारनं हा नियम एप्रिल २०२६ पासून काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. मधली वर्षं अहवाल छापत, आकडे गोळा करत, तेच तेच टिपण नव्या खासदाराला पाठवत बसलेल्या लोकांचा पगार या रकमेच्या शेजारी मांडून बघावा.

श्रेय एकट्या सल्लागारांचं नाही, हे उघड आहे. खासदार होते, न्यायालयात गेलेल्या आया होत्या, पत्रकार होते. पण ‘पगार कशाचा’ या प्रश्नाला एवढं उत्तर पुरावं.

राजकारणाच्या आरोपाचं काय? इंग्लंडमध्ये धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या चॅरिटी कमिशनचे नियम याबाबत आरोप करणाऱ्यांपेक्षा स्पष्ट आहेत. संस्थेनं कुठल्याही पक्षाचा प्रचार करायचा नाही. कायदा बदला असं मात्र ती म्हणू शकते, आपल्या उद्दिष्टासाठी त्याची गरज असेल तर. हे पुरेसं होतं. तरी २०१४ मध्ये लॉबिंग कायदा आला. निवडणुकीआधीचं वर्षभर, ठरावीक खर्चाच्या वर मोहीम चालवायची असेल तर निवडणूक आयोगाकडे नोंदणी हवी. कायद्याच्या या ‘वर्षभरा’तली गंमत २०१७ मध्ये कळली. पंतप्रधान थेरेसा मे यांनी एप्रिलमध्ये अचानक निवडणूक जाहीर केली, मतदान ८ जूनला. म्हणजे नियमांचा काळ आदल्या जूनपासूनच सुरू झालेला होता, आणि त्या जूनमध्ये निवडणुकीची कुणाला कल्पनाही नव्हती. संस्थांनी मागच्या दहा महिन्यांत काय काय बोललो याचा हिशेब उलटा लावायचा. असा कायदा कुणी पकडला जातो तेव्हाच लागू पडतो असं नाही. वकील म्हणतो ‘जपून’, विश्वस्त म्हणतात ‘पुढच्या वर्षी बघू’, आणि पत्रक टेबलाच्या खणात जातं.

टीकाकारांचं एक म्हणणं मात्र खरं आहे, ते मान्य करायला संकोच नको. सगळ्या मोहिमा कामाच्या नसतात. मार्च २०१२ मधला ‘कोनी २०१२’ हा व्हिडिओ आठवून पाहा. युगांडातल्या बालसैनिकांबद्दलचा तो व्हिडिओ आठवड्याच्या आत दहा कोटींच्या वर वेळा पाहिला गेला. पोस्टर्स आली, हातातली कडी आली. ज्याच्या नावानं हे चाललं तो बंडखोर म्होरक्या कोनी काही सापडला नाही, आणि उत्तर युगांडातल्या लोकांना तो व्हिडिओ दाखवला तेव्हा त्यांना रागच आला. हा गोंगाट होता. त्याच्या पोटात ना कलम, ना आकडा, ना त्या मुलांची भाषा. दुसरा दोष अधिक गंभीर आहे, तो दरबारी होण्याचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘सेव्ह द चिल्ड्रन’च्या अमेरिकी शाखेनं न्यूयॉर्कमध्ये ब्रिटनचे माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचा जागतिक कार्याबद्दल सत्कार केला. इराक युद्धाची आठवण ताजी असताना! जगभरातल्या शेकडो कर्मचाऱ्यांनी या सत्काराविरुद्ध पत्रावर सह्या केल्या. या प्रकरणातून निष्कर्ष काय काढायचा? मंत्र्यांच्या इतकं जवळ जाऊ नये, की त्यांना हार घालावा लागेल. ‘बोलू नये’ हा निष्कर्ष त्यातून कसा निघतो, हे कळत नाही. सह्या करणारे तर बोलतच होते.

आपल्याकडे हाच वाद टक्क्यांच्या भाषेत चालतो. २०२० च्या दुरुस्तीनं परदेशी देणग्यांच्या कायद्यात प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. अनेकांनी टाळ्या वाजवल्या, आता पैसा मुलांपर्यंत जाईल म्हणून. त्याच दुरुस्तीनं एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायलाही बंदी केली, तेव्हा आडगावातल्या छोट्या संस्थेपर्यंत तो जाणार कुठल्या वाटेनं, हे टाळ्यांच्या आवाजात ऐकू आलं नाही. त्याआधी या कायद्याच्या नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो यांचा नेहमी आधार घेणारी संस्था राजकीय समजावी असं होतं. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ आवळला, की पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थेला केवळ लोकांच्या मागणीसाठी रस्त्यावर उतरली म्हणून शिक्षा करता येणार नाही.

आणि महाराष्ट्रात मोहिमांचं काम परदेशी सल्लागारांनी शिकवलं, असंही नाही. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी देशभरच्या तुरुंगांत मोठ्यांबरोबर डांबलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मुलांसाठी देशभर एकच कायदा हवा असं न्यायालयानं त्यात सुचवलं, आणि १९८६ मध्ये बाल न्याय कायदा झाला. तारखांवर तारखा पडतात म्हणून वैतागून त्यांनी याचिका मागे घ्यायचं ठरवलं, तर न्यायालय म्हणालं, ही याचिका आता तुमची एकटीची नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग गावातल्या बायकांना नवजात बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवत होते. विणकामच ते, आणि जगात गाजलेलं. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. राज्यभरच्या संस्थांना जोडून गावोगाव जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवल्या आणि सरकार सांगतं त्यापेक्षा कितीतरी जास्त बालकं दगावतात हे २००१ मध्ये अहवालात छापलं. अहवालाचं नाव ‘कोवळी पानगळ’. ते दोन शब्द विधानसभेत पोचले, सरकारला समिती नेमावी लागली. आकडेवारीला असं नाव सुचणं हेही मोहिमेचंच कौशल्य आहे.

शेवटी दुधाकडे यावंच लागतं, कारण सुरुवात दुधापासून झाली. सत्तरच्या दशकात गरीब देशांतल्या दवाखान्यांत डॉक्टरांना एक नवं दुखणं दिसू लागलं होतं. बाळांना जुलाब, बाळं सुकलेली, आणि घरात पावडरीचा डबा. नर्सच्या वेशातल्या विक्रेत्या बाळंतिणींना फुकट डबे द्यायच्या. अंगावरचं दूध आटलं की मग डबा विकत घ्यायचा. परवडत नाही म्हणून आई पावडर कमी घालायची, आणि पाणी विहिरीचं. १९७४ मध्ये ब्रिटनच्या ‘वॉर ऑन वॉन्ट’नं यावर एक पुस्तिका काढली. स्वित्झर्लंडमधल्या एका गटानं तिचं जर्मन भाषांतर नेस्ले बाळं मारते अशा मथळ्यानं छापलं. कंपनीनं बदनामीचा खटला भरला आणि १९७६ मध्ये जिंकलाही. दंड झाला माणशी ३०० फ्रँक, आणि न्यायाधीशानं कंपनीला सांगितलं, की जाहिरातीच्या पद्धतींचा मुळापासून विचार करा. पुढे बहिष्कार, सुनावण्या, आणि मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेत ११८ विरुद्ध एक मतानं आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर झाली. विरोधातलं एक मत अमेरिकेचं. भारतानं १९९२ मध्ये आपला कायदा केला. त्याखाली तक्रार करण्याचा अधिकार सरकारनं ज्या मोजक्या संस्थांना दिला, त्यांत मुंबईची ‘अकॅश’ होती. तिनं तो वापरलाही, खुद्द नेस्लेविरुद्ध.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात वरच्या फळीवर बेबी फूडचे डबे असतात. शाम्पूवर बाई असते, बिस्किटावर पोर असतं, या डब्यांवर मात्र ना बाळ, ना आई. कायद्यानं त्यांचं चित्र टाकायला बंदी आहे. त्याऐवजी ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, की आईचं दूध बाळासाठी सर्वांत चांगलं. कंपनीला आपल्याच डब्यावर हे कुणी छापायला लावलं, त्यांची नावं कुठे नसतात. आत्याबाई डबा फिरवून फक्त एक्स्पायरीची तारीख बघतात.